शेंदराखालचा शिपाई

"लिहून ठेवा! चौकाला नाव लागणार ते आमच्या पणजोबांचंच. सुभेदार भिकोबा झुरुंगे चौक! दुसरं नाव लागलं, तर हा सर्जेराव झुरुंगे गावात तोंड दाखवणार नाही!"

वाघेश्वराच्या देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर सर्जेरावांनी ही गर्जना केली तेव्हा ऐकायला सात-आठ माणसं, दोन म्हशी आणि एक वाहतूक पोलीस एवढा जनसमुदाय हजर होता. म्हशी सोडल्या तर कुणीच मान डोलावली नाही. कारण भिकोबा सुभेदार होते याला काडीचाही पुरावा नव्हता. गेल्या दिवाळीपर्यंत ते साधे शिपाई होते. संक्रांतीला हवालदार झाले. चौकाचा विषय निघाल्यापासून सर्जेरावांनी त्यांना भराभर बढत्या देऊन सुभेदार केलं होतं. चौकाचं काम आणखी लांबलं असतं, तर भिकोबा थेट सरसेनापती होऊनच निवृत्त झाले असते!

वाघोली महापालिकेत गेली आणि गावाला चौकांची हौस सुटली. जिथं पूर्वी सर्जेरावांची ज्वारी डुलायची, तिथं आता टॉवर उभे होते, आणि टॉवरांच्या मधोमध चार रस्ते एकमेकांवर येऊन आदळत होते. त्या जागेला लोक नुसतंच 'सिग्नल' म्हणायचे. वास्तविक तो सिग्नल लागलेला कुणी पाहिला नव्हता. तर या जागेला नाव द्यायचं ठरलं. पुढाऱ्यांची नावं आधीच इतक्या ठिकाणी लागली होती की, पत्ता सांगणाऱ्याचाच पत्ता चुकायचा. मग कुणीतरी म्हणालं, पहिल्या महायुद्धात आपल्या गावचा गडी इराकातल्या बसऱ्याला लढायला गेला होता आणि तिकडंच पडला, त्याचं नाव द्या. सगळ्यांना पटलं.

फक्त तो गडी कुणाचा, यावर गाव दुभंगलं. झुरुंगे म्हणत, आमचे भिकोबा. कुंजीर म्हणत, आमचे राणोजी. झुरुंग्यांच्या मते राणोजी बसऱ्याला गेलेच नव्हते, मुंबईच्या गोदीत पळाले होते. कुंजिरांच्या मते भिकोबांनी भीमा नदीसुद्धा ओलांडली नव्हती, मग समुद्र कसला ओलांडतात! दोन्ही घरं एकाच आळीत, समोरासमोर. दोन्ही घरांत सत्तर वर्षं बोलणं नाही. कुंजिरांचे कर्ते पुरुष आप्पासाहेब हे हरिपाठ मंडळाचे अध्यक्ष, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात सदैव रामकृष्णहरी. ते सर्जेरावांना शिव्यासुद्धा देत नसत. नुसते डोळे मिटून घेत. त्याचाच सर्जेरावांना जास्त संताप यायचा.

निवाडा करायला म्हणून टॉवरमधल्या श्रीनिवास गोगटे यांना नेमलं. गोगटे निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतनं वाघोलीला राहायला आलेले. जुन्या पलटणींचा आणि पदकांचा त्यांना नाद. वाघोली पुण्यात आली हे महापालिकेनं मान्य केलं होतं, गोगट्यांनी अजून केलं नव्हतं.

"झुरुंगे, आपण सांगताय ते खरं असेल," गोगटे म्हणाले. "खोटंही असेल. पदक आहे?"

"हाय की! देव्हाऱ्यात हाय."

"देव्हाऱ्यात? वाचलंय कधी?"

"वाचायचं काय त्यात? त्याला शेंदूर लावत्यात!"

गोगट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सर्जेराव तरीही समोर होतेच. "त्या लढाईच्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. आप्पासाहेबांच्याही देव्हाऱ्यात एक आहे म्हणतात. रविवारी दोघांनी आपापलं घेऊन या. सगळ्यांसमोर शेंदूर काढू. ज्याच्या घरात आपल्या माणसाचं पदक निघेल, त्याचा चौक."

"आणि दोघांचंबी निघालं तर?"

"ती शक्यता इतकी आनंदाची आहे की, मी तिचा विचारच केलेला नाही," गोगटे म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आता पदक देव्हाऱ्यात कसं गेलं ते सांगायला हवं. भिकोबा गेल्याची बातमी आली आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सरकारकडून एक चांदीचं गोल नाणं आलं. त्यावर घोडा, घोड्यावर तलवारवाला स्वार. भिकोबांच्या बायकोला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण स्वार बरोब्बर कळला. आपल्याकडं लढाईत पडलेल्या माणसाचा 'वीर' करतात तो असाच! चांदीचा टाक, घोड्यावर बसलेला. माउलीनं तो उचलला आणि खंडोबाशेजारी ठेवला. त्याला शेंदूर लावला, धुळवडीला नैवेद्य दाखवला. समोरच्या घरातल्या बाईनंही तेच केलं. तेव्हापासून दर सणाला वीरावर शेंदराचा थर चढत गेला, आणि आता झुरुंग्यांचा वीर बेसनाच्या लाडवाएवढा झाला होता.

लोकांसमोर रविवारी शेंदूर काढायचा हे ठीक. पण तोपर्यंत दम धरवेल तर ते सर्जेराव कसले! दुपारी सर्जेरावांच्या मातोश्री सरुबाई भजनाला देवळात गेल्या, तशी सर्जेरावांनी बायकोला हाक मारली.

"मैना, दाराला कडी लाव."

"अहो, भर दुपारी?"

"वीराचा शेंदूर काढायचाय!"

मैनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आत्याबाईंना कळलं तर तोच शेंदूर तुम्हाला फासतील आणि कोपऱ्यावर बसवतील!"

पण उत्सुकता त्यांनाही होतीच. सर्जेरावांनी आधी नखानं प्रयत्न केला. मग चमच्यानं. मग दाताचा विचार केला, पण देव होता म्हणून सोडला. शेवटी मैनाबाईंनी वाटीभर तेल कोमट केलं आणि वीराला त्यात बसवलं. थोड्या वेळात शेंदराची करवंटी अलगद सुटली. आत लख्ख चांदी! सर्जेरावांना गहिवरून आलं. त्यांनी टाक उचलला, पुसला, आणि दोघं नवरा-बायको वाकून बघायला लागले.

मैनाबाईंनी पटकन डोळ्यावर पदर ओढला. "अगं बया! नागडा हाय की ह्यो!"

खरंच. घोडा होता, तलवार होती, पण स्वाराच्या अंगावर धड लंगोटीसुद्धा नव्हती! विलायतेतल्या कारागिराला त्यात काय शौर्य दिसलं असेल ते असो.

"तरीच!" पदराआडून मैनाबाई म्हणाल्या. "तरीच पणजीबाई थरावर थर चढवत गेल्या! बाईमाणसानं रोज पूजा करायची म्हणजे काय!"

"तू स्वाराकडं बघू नगं. कड बघ, कड!" सर्जेरावांनी मोबाइलचा कॅमेरा कडेवर धरून अक्षरं मोठी केली आणि एकेक लावायला सुरुवात केली. पहिला धक्का तिथंच बसला. सुभेदार नाही, शिपाई! एका क्षणात सगळ्या बढत्या गेल्या. पण दुसरा धक्का असा बसला की, पहिला गोड वाटावा.

शिपाई राणोजी कुंजीर.

सर्जेराव मटकन खाली बसले. त्यांनी परत वाचलं. पदक उलटं धरून वाचलं. मैनाबाईंकडून वाचून घेतलं. राणोजी काही हलायला तयार नव्हते. ज्या कुंजिराच्या दारावरनं जाताना सर्जेराव मान फिरवायचे, त्याच्या पणज्याला ते आयुष्यभर रोज सकाळी हात जोडत आले होते! लग्नाला निघताना त्याच्या पाया पडले होते. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा पहिला नारळ त्याच्यापुढं फोडला होता!

संध्याकाळी सरुबाई आल्या. सर्जेराव त्यांचे पाय दाबायला बसले. हे पाहून सरुबाई सावध झाल्या.

"काय पायजे तुला?"

"काय न्हाय गं, आये. आपला वीर कधी घराबाहेर गेला हुता का?"

"एकदाच. मी नवी नवरी हुते. जेजुरीला देव भेटवाय नेलं हुतं. आपलं आन् कुंजिराचं, एकाच बैलगाडीत. तवा लई गोडी हुती दोन घरांत. कऱ्हेच्या पाण्यात देव धुवाय काढलं, एकाच परातीत. चिंच लावली, घासलं. आन् मग माजी सासू आन् कुंजिराची म्हातारी, दोघींची जुपली."

"कशावरनं?"

"गडावर आदी कुणाचं देव चढायचं त्यावरनं! आसं भांडल्या की खंडोबा खाली यायचा राहिला. मग दोघींनी परातीतनं मूठ-मूठ देव उचललं, टोपलीत घातलं आन् तोंडं फिरवून चालायला लागल्या. तवापसनं बोलणं न्हाय."

सर्जेरावांनी पाय दाबायचं थांबवलं. मूठ-मूठ देव! म्हणजे आपला भिकोबा त्या परातीतनं कुंजिराच्या टोपलीत गेला, आणि समोरच्या देव्हाऱ्यात बसून सत्तर वर्षं हरिपाठ ऐकतोय!

आता एकच मार्ग होता. रविवारच्या आत गुपचूप अदलाबदल. मैनाबाईंनी शेंदूर आणि तेल कालवून राणोजींना पुन्हा लाडू केलं. दिवाळीचे इतके लाडू वळल्यानंतर हे काम त्यांना मुळीच अवघड गेलं नाही. शुक्रवारी एकादशी होती. एकादशीला कुंजिरांकडे संध्याकाळी हरिपाठ असतो आणि दार सगळ्यांना उघडं असतं. शुक्रवारी सर्जेराव राणोजींना सदऱ्याच्या खिशात घालून निघाले.

आळीत समोरून आप्पासाहेब येत होते. हरिपाठाची वेळ आणि अध्यक्ष उलट्या दिशेनं! त्यांचाही एक हात खिशात होता. दोघं एकमेकांसमोर थांबले. एरवी डोळे मिटणाऱ्या आप्पासाहेबांनी आज डोळे टक्क उघडे ठेवले होते.

"राम कृष्ण हरी," आप्पासाहेब म्हणाले.

"हरी हरी," सर्जेराव म्हणाले. सत्तर वर्षांत दोन घरांमधलं हे सगळ्यात लांबलचक संभाषण होतं. दोघंही घाम पुसत पुढं गेले.

कुंजिरांच्या दारात आप्पासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई उभ्या होत्या. सर्जेरावांना पाहून त्यांच्या हातातलं निरंजन कलंडायचं राहिलं.

"भावजी, तुमी? हरिपाठाला?"

"मन ओढलं, वैनी."

आनंदीबाईंचे डोळेच भरून आले. "बसा, बसा! आल्याचा चहा आणते." त्या आत गेल्या. बाकीची मंडळी टाळ जुळवण्यात गुंतलेली. सर्जेराव बसल्या बसल्या सरकत देव्हाऱ्यापाशी पोचले, खिशात हात घातला, आणि गोठले.

वीराची जागा रिकामी! तांबड्या कापडावर नुसतं शेंदराचं गोल वळं. भिकोबा गायब!

तेवढ्यात कपबशांचा आवाज आला. सर्जेरावांनी विचार न करता राणोजींना त्या वळ्यात ठेवून दिलं. नाहीतरी तो कुंजिरांचाच होता! मग जवळचे टाळ उचलून ते अशा काही भक्तीनं वाजवायला लागले की, मृदंगवाल्यानं मृदंग थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. अर्ध्यातून उठता येईना. आनंदीबाई कौतुकानं समोरच बसल्या होत्या. सगळा हरिपाठ, आरती, राजगिऱ्याचा लाडू, सगळं उरकून सर्जेराव पडक्या चेहऱ्यानं घरी आले. राणोजी गेले, भिकोबा मिळाले नाहीत. रविवारी काय रिकामा हात दाखवायचा?

"झालं का काम?" मैनाबाईंनी कुजबुजत विचारलं. "बाई, झालंच म्हणा की! मी आत्ताच दिवा लावला. वीर जागेवर हाय!"

"कुठला वीर?"

"आपला! कधी आणून ठेवलात? मला दिसलासुद्धा न्हाय!"

सर्जेराव देव्हाऱ्याकडे धावले. खंडोबाशेजारी शेंदराचा लाडू आरामात बसला होता.

"अगं, ह्याला तर मी आत्ता तिकडं ठेवून आलो!"

"मग ह्यो?"

"परत आला!" सर्जेरावांचा आवाज चिरकला. "माझ्या आधी! चालत!"

मैनाबाईंनी लोटांगणच घातलं. सर्जेरावांना मात्र दरदरून घाम फुटला. कुंजिराचा पणजा त्यांच्या घराला असा चिकटला होता की, नेऊन सोडला तरी मांजरासारखा माघारी येत होता. आता रविवारी त्याला घेऊनच जायचं आणि सगळ्या गावासमोर त्याचं नाव वाचून घ्यायचं!

"आणि एक नवल सांगायचं राह्यलं," मैनाबाई उठता उठता म्हणाल्या, "समोरचे आप्पासाहेब येऊन गेले! आत्याबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायला! मी पाणी आणायला आत गेले, तर पाणी न घेताच पळाले."

तुमच्या लक्षात आलं असेल. सर्जेरावांच्या नाही आलं. त्यांना दिसत होता तो फक्त चालणारा राणोजी.

शनिवारी त्यांनी ताप आणायचा प्रयत्न केला. काखेत कांदा धरून झोपले. ताप आला नाही, कांद्याचा वास तेवढा आला. रविवारी सरुबाईंनी स्वतः वीराला नारळ फोडला, रागावू नकोस म्हणाल्या आणि नव्या रुमालात बांधून मुलाच्या हातात दिला.

टॉवरच्या क्लबहाउसात सगळं गाव जमलं होतं. गोगटे टेबलामागे बसले होते. पुढ्यात ताटली, कोमट तेल, कापूस आणि भिंग. समोर डावीकडे झुरुंगे, उजवीकडे कुंजीर.

"कोण आधी?" गोगट्यांनी विचारलं.

"आप्पासाहेब," सर्जेराव घाईनं म्हणाले. "वयाचा मान!"

"छे छे! सर्जेरावांचा मान," आप्पासाहेब त्यांच्याहून घाईनं म्हणाले.

"न्हाय, न्हाय, तुमी."

"तुमच्या आधी मी? पाप लागेल!"

गोगट्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "खंडोबाच्या गडावर आधी कोण यावर ज्या घरांतल्या आज्ज्या भांडल्या म्हणून सरुबाई सांगतात, ती हीच घरं ना? माझा पत्ता चुकलेला दिसतो."

"मी काय म्हणतो," सर्जेराव कपाळ पुसत म्हणाले, "चौकाला नाव हवंच कशाला? सिग्नल काय वाईट हाय?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" आप्पासाहेबांनी चक्क त्यांचा हात हातात घेतला.

"बसा," गोगटे म्हणाले. दोघं बसले.

गोगट्यांनी सर्जेरावांचा रुमाल सोडला. वीर तेलात ठेवला. करवंटी एका बोटानं निघाली. गोगट्यांनी ते बोट वर धरलं. "शंभर वर्षांचा शेंदूर. अजून ओला आहे. वाघोलीची हवा दमट म्हणतात ते खोटं नाही." मग त्यांनी पदकावर भिंग धरलं. सर्जेरावांनी डोळे मिटले. चौक गेला. तोंड दाखवायचं नाही म्हणालो होतो, आता लोणी काळभोरला मेव्हण्याकडं जाऊन राहावं लागणार.

"शिपाई," गोगटे वाचू लागले, "भिकोबा झुरुंगे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्जेराव ताडकन उठले. आनंदानं, भीतीनं, आश्चर्यानं, सगळ्यानंच एकदम. आणि त्या भरात नको ते बोलून गेले!

"अहो, पण ह्यो तर राणोजी हुता! मी सोता वाचलाय! शुक्रवारी आप्पासाहेबांच्या देव्हाऱ्यात ठेवून आलो!"

"काय?" आप्पासाहेब उठले. "माझ्या देव्हाऱ्यात तो तुम्ही ठेवलात? अहो, मला वाटलं भिकोबाच परत चालत आला! शेंदूर काढून नाव वाचलं तसा मी त्याला गुपचूप तुमच्याकडं सोडायला गेलो, तर तुमची जागा रिकामी! मैनाबाईंची चाहूल लागली म्हणून तसाच ठेवून पळालो!"

मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं की, आपण हे मोठ्यानं बोलतोय. गोगट्यांनी शांतपणे आप्पासाहेबांचा वीर तेलात घातला, पुसला आणि वाचला. "राणोजी कुंजीर. अभिनंदन. दोन्ही पणजोबा बसऱ्याला गेले होते. दोन्ही पणतू मात्र काय करत फिरत होते, याची नोंद कुठल्याही पलटणीत सापडायची नाही."

हशा असा पिकला की, पंखेसुद्धा हलले. फक्त सरुबाई हसल्या नाहीत. त्या उठून टेबलापाशी आल्या. आधी भिकोबांवर हात फिरवला, मग राणोजींवर.

"सत्तर वरीस ह्येला जेवाय घातलं मी," राणोजींकडं बघत त्या म्हणाल्या. "म्हणायचे, तिकडं परमुलखात पडला, कुणी घास घातला आसंल का त्याला. दुसऱ्याचा निघाला म्हून काय झालं? त्योबी तिकडंच पडलावता की." आनंदीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मग आनंदीबाईंनी पदर काढला. त्यांना काहीतरी सुचलं होतं. "सरुआत्या, जेवाय काय घालत हुता?"

"काय म्हंजी? मटण. धुळवडीला वीराला मटणच की!"

आनंदीबाई किंचाळल्या. आप्पासाहेबांनी गळ्यातली माळ घट्ट धरली. हरिपाठ मंडळाच्या अध्यक्षांचा सख्खा पणजा गेली सत्तर वर्षं समोरच्या घरात मटण ओरपत होता!

"आन् आमच्या भिकोबाला काय घातलंत?" सरुबाईंनी उलट विचारलं.

"पुरणपोळी. माळकऱ्याच्या घरात दुसरं काय?"

"आरं द्येवा! पलटणीतला गडी! सत्तर वरीस पुरणपोळी!"

आता राणोजी माळकऱ्यांच्या घरी परत जाणार म्हटल्यावर तोड काढायलाच हवी. सरुबाई म्हणाल्या, त्यालाच कौल लावू. टेबलावरच त्यांनी राणोजींना उभं केलं, दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "वीरा, पुरणपोळी चालंल का?" डावी पडली. परत लावल्या. परत डावी. "मटण?" शब्द संपायच्या आत उजवी टपकन खाली!

"पंख्याचा वारा आहे," गोगटे म्हणाले. सरुबाईंनी पंखा बंद करायला लावला. उजवीच पडली.

"माझ्या घरात चुलीवर मटण चढायचं न्हाय!" आनंदीबाईंनी बजावलं. आप्पासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकीकडं माळ, एकीकडं पणजा!

सर्जेरावांनी संधी ओळखली. ते मिशीवर हात फिरवत पुढं आले. "आप्पासाहेब, काळजी सोडा. धुळवडीला तुमचा वीर आमच्या घरी घेऊन या. मटणाचा नैवेद्य आमच्याकडं. पण चौक आमचा!"

"दिला!" आप्पासाहेब हात जोडून म्हणाले. "चौक घ्या, पण त्याला उपाशी ठेवू नका!"

टाळ्या! शिट्ट्या! सर्जेरावांनी गोगट्यांकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. चौकही आपला, मटणही आपल्या घरी, आणि वर कुंजिरावर उपकार! ते हार शोधायला लागले.

"भावजी, तुमच्या भिकोबालाबी इचारा की," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "सत्तर वरीस आमच्यात राहिलाय त्यो."

"त्याला काय इचारायचं? झुरुंग्याचा गडी हाय!"

सरुबाईंनी तरी पाकळ्या लावल्या. "भिकोबा, घरी मटण करू ना रं तुला?"

डावी पडली.

"आये, पाकळी ओली कर!" सर्जेराव ओरडले. ओली केली. डावी. "आता कोरडी लाव!" कोरडी लावली. डावी. सत्तर वर्षांच्या हरिपाठानं भिकोबा पुरते माळकरी झाले होते!

सरुबाईंनी पदर खोचला आणि निकाल दिला. भिकोबा देव्हाऱ्यात असताना झुरुंग्यांच्या चुलीवर मटण चढणार नाही. अंडंसुद्धा नाही. धुळवडीला राणोजीचा नैवेद्य आपल्या घरी शिजेल, तेवढा वेळ भिकोबानं कुंजिरांकडं पुरणपोळीला जायचं. आणि वीर एकटा जात नसतो. चौकावर ज्यानं आपल्या घराण्याचं नाव लावून घेतलं, त्यानं वीराला हातात घेऊन जायचं, शेजारी बसायचं आणि वीर जेवेल तेच जेवायचं!

"आये, त्यो चौक ऱ्हाऊ दे की," सर्जेराव हळूच म्हणाले. पण तोवर टाळ्या वाजवून झाल्या होत्या.

यंदाच्या धुळवडीची गोष्ट. चौकात निळी पाटी लागली होती. त्यावर गोगट्यांनी 'शिपाई' हा शब्द सगळ्यात मोठा काढून घेतला होता. सर्जेराव कुंजिरांच्या ओसरीवर पाटावर बसले होते, शेजारच्या पाटावर भिकोबा. आनंदीबाई तुपाची वाटी घेऊन समोर उभ्या. "आणखी एक पोळी, भावजी. वीराच्या नावानं!" समोरच्या घरातनं, म्हणजे सर्जेरावांच्याच घरातनं, वाटलेल्या खोबऱ्याचा आणि तळलेल्या मसाल्याचा वास आळी ओलांडून येत होता. आप्पासाहेब राणोजींना घेऊन दुपारीच तिकडं गेले होते. मी नुसता वीराशेजारी बसतो, असं जाताना दहादा सांगून.

सर्जेरावांचा फोन वाजला. पलीकडं आप्पासाहेबच होते. तोंडात काहीतरी असावं.

"राम कृष्ण हरी, सर्जेराव! मैनाबाई विचारतायत, रश्श्यातली नळी तुमच्यासाठी काढून ठेवायची का? मी म्हटलं, नका ठेवू. भिकोबांना आवडायचं नाही!"